ड्रॅग शर्यती-मोटारींच्या प्रतिकृती

ड्रॅग शर्यती-मोटारींच्या प्रतिकृती : सरळ व आखूड पट्टीवर स्थिर अवस्थेतून निघून ठराविक अंतर कमीत कमी वेळात काटणाऱ्या मोटारींच्या लहान प्रमाणातील हुबेहूब प्रतिकृती. त्या बहुधा १ : २५ किंवा १ : २४ या प्रमाणात असतात. १ : २४ हे प्रमाण अर्धा इंच म्हणजे एक फूट या हिशोबावर आधारलेले आहे. १ : १६ प्रमाणातील मोठ्या प्रतिकृतीही आढळतात. कारखान्यात तयार झालेल्या प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच जोडून अशी प्रतिकृती तयार करता येते. तथापि संचात नसलेले किंवा त्यात ओबडधोबड उतरलेले बारीक भाग पत्रा, तार, नळी, कागद, कापड यांसारख्या कच्च्या मालापासून हाताने घडविण्याची एक स्वतंत्र कला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९५० नंतर विकसित झाली. तिला तेथे ‘स्क्रॅच-बिल्डिंग’ असे म्हणतात. प्रस्तुत नोंदीत तिच्यासाठी ‘मूलघडण’ हा शब्द योजला आहे. मुलांचा विरंगुळा म्हणून सुरू झालेली ही कला पुढे एका अल्पायुषी यंत्रप्रकाराच्या इतिहासाचे साधन बनली, हे तिचे विशेष महत्त्व होय.

शर्यतीची पार्श्वभूमी : या शर्यतींचा उगम कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर झाला. म्युरॉक, एल मिराज इ. ठिकाणी १९३०च्या दशकात तरुण कारागीर जुन्या फोर्ड मोटारींत फेरफार करून त्यांचा वेग अजमावीत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर रिकाम्या पडलेल्या विमान-धावपट्ट्या उपलब्ध झाल्या आणि १९५०मध्ये सँता ॲना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५मध्ये कॅनझस राज्यातील ग्रेट बेंड येथे भरली. शर्यतीचे रूढ अंतर पाव मैल म्हणजे सु. ४०२ मी. होते; सर्वांत शक्तिमान अशा दोन वर्गांसाठी ते २००८मध्ये १,००० फूट म्हणजे ३०४·८ मी. करण्यात आले.

या मोटारी कारखान्यात एका साच्याच्या निघत नसत. प्रत्येक मोटार छोट्या कार्यशाळेत हाताने घडविलेली, एकमेव अशी असे. एंजिन एका मोटारीतून काढून दुसरीत बसवावे, सांगाडा विकून टाकावा, हंगाम संपताच कवच नव्याने रंगवावे, अपघातानंतर उरलेले भाग इतरत्र वापरावे, अशी या क्षेत्रातील रीतच होती. जिंकण्यासाठी बनविलेले यंत्र जतन करून ठेवण्याचा विचार त्या काळी फारसा कोणाच्या मनात आला नाही. परिणामी १९५० ते १९७० या दोन दशकांतील पुष्कळ मोटारी काही हंगामांतच नामशेष झाल्या. त्यांच्या प्रतिकृतींना पुढे जे मोल आले, त्याचे कारण या परिस्थितीत आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकेत मोटारींच्या प्रतिकृती हाताने घडविण्याची परंपरा ड्रॅग शर्यतींहून जुनी आहे. जनरल मोटर्स कंपनीच्या फिशर बॉडी विभागाने १९३०मध्ये कारागीर मुलांचा एक संघ स्थापन करून प्रतिकृतींच्या वार्षिक स्पर्धा सुरू केल्या. प्रारंभी नेपोलियनकालीन शाही घोडागाडीची प्रतिकृती करावी लागे. पुढे स्पर्धकाने स्वतः कल्पिलेल्या मोटारीची प्रतिकृती १ : १२ प्रमाणात घडवावी, असा विषय आला. लाकूड, माती व धातू यांतून सर्व काम स्पर्धकाने स्वतः करावयाचे असे आणि विजेत्यांना विद्यापीठीय शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळत. ही योजना १९६८पर्यंत चालली. इंग्लंडमध्ये जेरल्ड विंग्रोव्ह यांनी लहान लेथवर धातूचे भाग कातून अभिजात मोटारींच्या प्रतिकृती पूर्णपणे मुळापासून घडविल्या आणि या पद्धतीवर ग्रंथही लिहिले. ड्रॅग मोटारींच्या मूलघडणीची वाट मात्र वेगळी होती. ती प्लॅस्टिकच्या संचातून निघाली.

प्लॅस्टिकचे संच : मिशिगन राज्यातील ए. एम. टी. ही कंपनी १९४८पासून मोटार-विक्रेत्यांसाठी नव्या मोटारींच्या जाहिरातवजा प्रतिकृती तयार करीत असे. १९५८मध्ये तिने त्याच साच्यांवर आधारलेले जोडकामाचे संच बाजारात आणले. एकाच संचातून मूळ स्वरूपाची, हौसेने सजविलेली किंवा शर्यतीची अशा तीन प्रकारांपैकी कोणतीही मोटार करता येई. रेव्हेल, मोनोग्रॅम, जो-हॅन आणि १९६३मध्ये स्थापन झालेली एम. पी. सी. या कंपन्यांनीही हे क्षेत्र विस्तारले. टोनी नॅन्सी, डॉन गार्लिट्स यांसारख्या नामवंत चालकांच्या मोटारींचे संच निघाले. केवळ एंजिन किंवा केवळ सांगाडा असलेली लहान पुडकीही रेव्हेल कंपनीने विकली. त्यांमुळे निरनिराळ्या संचांतील भाग एकत्र करून नवी मोटार रचण्याची सवय मुलांना लागली. १९७०मध्ये मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने डॉन प्रुडोम व टॉम मॅक्यूइन यांच्या अनुक्रमे पिवळ्या व तांबड्या मोटारींना आश्रय दिला. शर्यतीची मोटार आणि तिची प्रतिकृती यांचा व्यापारी संबंध तेव्हापासून उघडपणे जुळला. मूलघडणीच्या कृती शिकविणारी कार मॉडेल, मॉडेल कार सायन्स यांसारखी मासिके १९६०च्या दशकात निघत.

संचांच्या मर्यादा : वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबाने भरून संचाचे भाग काढतात. भाग साच्यातून सुटावा म्हणून त्याच्या कडा किंचित निमुळत्या ठेवाव्या लागतात, खोल भोके टाळावी लागतात आणि भिंती फार पातळ ठेवता येत नाहीत. खऱ्या मोटारीवरील ॲल्युमिनियमचा पत्रा सु. १ मिमी. जाड असतो. १ : २५ प्रमाणात तो ०·०४ मिमी. भरेल, उलट १ मिमी. जाडीचा प्लॅस्टिकचा भाग २५ मिमी. जाडीच्या पत्र्याची आठवण करून देतो. एक्झॉस्टच्या नळ्या टोकाशी भरीव राहतात, इंधनाच्या रबरी नळ्या व विजेच्या तारा बहुधा नसतातच आणि सुपरचार्जरचा दातेरी पट्टा एकसंध ठोकळ्यासारखा दिसतो. शिवाय साच्याचा खर्च भागविण्यासाठी एकच सांगाडा अनेक चालकांच्या नावांनी विकला जाई. म्हणजे वेष्टनावर नाव एकाचे आणि आतील मोटार दुसऱ्याच कोणाची, असे होई. प्रत्यक्ष शर्यती पाहिलेल्या मुलांच्या ध्यानात हा फरक येई आणि तो दूर करण्याच्या खटपटीतून मूलघडणीला चालना मिळाली.

द्रव्ये व हत्यारे : मूलघडणीस लागणारी सामग्री साधी असते. पॉलिस्टायरीनचे पांढरे तक्ते व कांड्या, पितळेच्या व ॲल्युमिनियमच्या एकात एक बसणाऱ्या नळ्या, डाखाची मऊ तार, विद्युत् उपकरणांतील बारीक आवेष्टित तार, टाचण्या, शिवणाचा दोरा, पातळ कागद व धातूचा वर्ख ही त्यांतील प्रमुख होत. हत्यारांत धारदार चाकू, बारीक कानशी, चिमटे, पॉलिश कागद, मापनासाठी व्हर्नियर कॅलिपर आणि हाताने फिरवावयाचे बारीक गिरमिट असते. अमेरिकन मापनातील ८० क्रमांकाचे गिरमिटाचे पाते केवळ ०·३४ मिमी. व्यासाचे असून ते किंचित तिरपे दाबले तरी मोडते. काही कारागीर ऑस्ट्रियन बनावटीच्या युनिमॅटसारख्या टेबलावरील लहान लेथवर चाके, कप्प्या व इंधन-क्षेपकाची तोंडे कातीत. पण या कलेतील बरेचसे काम लेथवाचून, स्वयंपाकघराच्या टेबलावर झालेले आहे.

एंजिनाचे तपशील : ड्रॅग मोटारीचे एंजिन उघडे असते, त्यामुळे प्रतिकृती पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम तेथेच जाते. क्राइस्लर कंपनीचे अर्धगोलाकार ज्वलनकक्षांचे आठ सिलिंडरांचे ‘हेमी’ एंजिन या शर्यतींत सर्वाधिक वापरले गेले. त्याची ३९२ घन इंचांची आवृत्ती १९५७-५८मधील असून ४२६ घन इंचांची आवृत्ती १९६४मध्ये आली. दोहोंच्या झडप-आवरणांचा घाट वेगळा आहे. या एंजिनात स्पार्क प्लग झडप-आवरणाच्या मध्यातून आत जातात. म्हणून प्रतिकृतिकार आवरणावर प्रत्येकी चार भोके पाडून त्यांत तारा रोवतो. खरी तार ७ किंवा ८ मिमी. जाड असते, १ : २५ प्रमाणात ती सु. ०·३ मिमी. झाली पाहिजे. याहून जाड तार लावल्यास एंजिनावर दोरखंड बांधल्यासारखे दिसते. तारांची दुसरी टोके मॅग्नेटोच्या टोपणात ठिणगीच्या योग्य क्रमाने बसवावी लागतात. क्राइस्लर हेमी एंजिनाचा हा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. तो चुकला, तर खरे एंजिन नीट चालणार नाही; प्रतिकृतीचे तसे काही बिघडत नसले, तरी जाणकार परीक्षक तारा मोजीत शेवटपर्यंत जातो.

एंजिनावरील सुपरचार्जर मुळात जनरल मोटर्सच्या अवजड डीझेल एंजिनांसाठी बनविलेला होता. ‘६-७१’ हे त्याचे नाव सहा सिलिंडर व प्रत्येकी ७१ घन इंच यांवरून पडले आहे. तो फिरविणाऱ्या पट्ट्याच्या दात्यांतील अंतर अर्धा इंच असल्यास प्रतिकृतीत ते सु. अर्धा मिमी. येते. कागदाच्या किंवा पातळ रबराच्या पट्टीवर प्लॅस्टिकचे बारीक तुकडे समान अंतरावर चिकटवून असा पट्टा तयार करतात. इंधनाच्या नळ्यांवरील विणलेल्या पोलादी जाळीसाठी बारीक विणीची धातूची किंवा कापडी नळी वापरतात. नळ्यांची तोंडे जोडणारे तांबडे-निळे षट्कोनी जोड षट्कोनी कांडीचे काप घेऊन करतात. एक्झॉस्टच्या नळ्यांसाठी सु. २ मिमी. व्यासाची डाखाची तार वाकवून तिची टोके गिरमिटाने पोकळ करतात. आठही नळ्यांचा बाक सारखा यावा म्हणून लाकडी ठोकळ्यावर खिळे ठोकून साचा बनवितात.

सांगाडा, चाके व कवच : लांब ड्रॅग मोटारीचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो. सव्वा इंच व्यासाची नळी १ : २५ प्रमाणात १·२७ मिमी. होते. प्लॅस्टिकच्या कांड्या सहज चिकटतात, पण लांबीमुळे कालांतराने लवतात; पितळेच्या नळ्यांना डाख देऊन केलेला सांगाडा ताठ राहतो. पुढील व मागील चाकांमधील अंतर १९५०च्या दशकाच्या अखेरीस सु. २·५ मी. होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते ५ मी.च्या पुढे गेले आणि पुढे ३०० इंच म्हणजे ७·६२ मी. झाले. अशा मोटारीची प्रतिकृती ३० सेंमी.हून लांब असते आणि तिच्या सांगाड्यातील किंचित पीळही लगेच नजरेत भरतो. १९६०च्या दशकातील पुढची चाके सायकलच्या चाकांसारखी आऱ्यांची व अतिशय हलकी असत. त्यांच्यासाठी वर्तुळाकार चौकटीवर समान कोनांत खाचा पाडून त्यांतून तार ताणून आरे ओवतात. अर्ध्या-पाऊण सेंटिमीटर व्यासाच्या तुंब्यावर दोन्ही बाजूंचे आरे तिरपे आणणे हे या कलेतील अतिशय किचकट काम समजले जाते.

कवचाचे पत्रे जोडणारे पाव फेऱ्यात सुटणारे खिळे, आसनावरील शिवण, सुरक्षा-पट्ट्यांची बकले, गतिरोधनासाठी मागे बांधलेली हवाई छत्री व तिची दोरी हे तपशीलही हातानेच करावे लागतात. छत्रीच्या पिशवीसाठी पातळ कागद पातळ केलेल्या पांढऱ्या सरसात भिजवून त्याच्या चुण्या पाडतात. रंगाचा थर ०·१ मिमी. जाड झाला, तरी प्रमाणात तो अडीच मिमी. होतो आणि त्याखाली कोरलेले तपशील बुजतात. चमकदार रंगातील धातूचे कण खऱ्या मोटारीवर बारीक दिसतात, तर प्रतिकृतीवर तेच कण खड्यांसारखे वाटतात. म्हणून अधिक बारीक कणांचा रंग फवाऱ्याने विरळ थरांत द्यावा लागतो. चालकाचे नाव व जाहिरातींची अक्षरे पाण्यात भिजवून उतरवावयाच्या चित्रपट्ट्यांनी उठवितात.

तपशील हा पुरावा : ड्रॅग मोटारीचा प्रत्येक बारीक भाग कालदर्शक असतो. एक्झॉस्टच्या नळ्या खाली वळलेल्या आहेत की १९६०च्या दशकाच्या मध्यापासून रूढ झाल्याप्रमाणे वर उचललेल्या, मॅग्नेटो एक आहे की दोन, स्पार्क प्लगच्या तारा आठ आहेत की सोळा, चालकाच्या डोक्यामागे एकच कमान आहे की पूर्ण पिंजरा, यांवरून मोटारीचा काळ ठरविता येतो. यांतील अनेक बदल अपघातांनी घडविले. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील लायन्स पट्टीवर डॉन गार्लिट्स यांच्या मोटारीची दंतचक्रपेटी फुटून मोटारीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पायाचा काही भाग तुटला. तोवरच्या रचनेत एंजिन पुढे व चालक त्याच्या मागे, जवळजवळ मागील आसावर बसत असे; स्फोट होणारे प्रत्येक यंत्र त्याच्या पायाशी किंवा तोंडासमोर असे. गार्लिट्स यांनी एंजिन चालकाच्या मागे ठेवलेली मोटार बांधली आणि १९७१च्या हंगामात तिने विजय मिळविले. मागील एंजिनाचे प्रयोग पूर्वीही झाले होते, पण या यशानंतर जुनी रचना अल्पावधीत मागे पडली. १९६९ व १९७२ या सालांच्या दोन प्रतिकृती शेजारी ठेवल्या म्हणजे हा बदल काही न सांगता समजतो. त्यांतील जुन्या प्रतिकृतीत चालकाच्या पायांजवळची पेटी, तिचे संरक्षक आवरण व पायटे ही अचूक नसतील, तर मात्र हा बदल का झाला ते कळणार नाही.

पुराव्याचा प्रश्न : एकच मोटार एका हंगामात अनेकदा बदलत असल्याने प्रतिकृती विशिष्ट दिवसाच्या मोटारीची असावी लागते. त्यासाठी नियतकालिकांतील छायाचित्रे, चित्रफिती, कार्यक्रम-पत्रिका व जुन्या चालक-यंत्रज्ञांच्या आठवणी यांचा आधार घेतात. छायाचित्रे बहुधा एकाच बाजूने व दुरून घेतलेली असतात. दुसऱ्या बाजूच्या नळ्या कशा होत्या, हे त्यांवरून कळत नाही. एक ज्ञात माप घेऊन, उदा., टायरचा व्यास, त्यावरून छायाचित्रातील इतर भागांची मापे काढण्याची पद्धत येथे उपयोगी पडते. तीही अपुरी ठरल्यास त्या काळच्या समान मोटारींवरून अनुमान करावे लागते. यातून एक नैतिक प्रश्नही निर्माण होतो. अनुमानाने केलेला भाग प्रत्यक्ष पुराव्यावरून केलेल्या भागाइतकाच रेखीव दिसतो आणि पुढील प्रतिकृतिकार त्यालाच पुरावा मानण्याचा संभव असतो. यासाठी प्रतिकृतीसोबत कोणता भाग कशावरून केला याची लेखी नोंद ठेवणे इष्ट ठरते. प्रत्यक्ष मोटारींच्या पुनर्बांधणीतही हाच प्रश्न उद्‌भवतो. फ्लॉरिडातील ओकाला येथे १९८४मध्ये गार्लिट्स यांनी, तर पमोना येथे १९९८मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने संग्रहालय उघडले. गार्लिट्स यांची १९८६मधील मोटार वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेने जतन केली आहे. जुन्या मोटारींची पुनर्बांधणी करणारे आणि प्रतिकृतिकार यांची माहितीची साधने एकच असल्याने त्यांच्यात देवाणघेवाण होत आली आहे.

ओहोटी व पुनरुज्जीवन : १९७०च्या दशकात किशोरवयीन ग्राहक कमी झाले आणि आधीची मासिके बंद पडली. मात्र लहानपणी संच जोडलेली पिढी प्रौढ होऊन या छंदाकडे परतली. १९७९मध्ये स्केल ऑटो एन्थुझिॲस्ट हे नियतकालिक सुरू झाले आणि त्याच वर्षी सॉल्ट लेक सिटी येथे मोटार-प्रतिकृतींच्या मोठ्या स्पर्धेस प्रारंभ झाला. १९८०च्या दशकापासून छायाचित्रण व अम्ल यांच्या साहाय्याने पातळ धातूच्या पत्र्यातून कोरलेले भाग आणि सिलिकोन रबराच्या साच्यात ओतलेले रेझिनचे भाग लहान उद्योजक विकू लागले. त्यांचे मूळ नमुने बहुधा मूलघडणीनेच तयार केलेले असत. रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करून वस्तू घडविण्याच्या पद्धतीचे एकस्व चार्ल्स हल यांना १९८६मध्ये मिळाले. २०१०च्या दशकात या तत्त्वावरील मुद्रणयंत्रे घरगुती किंमतीत आली. अशा यंत्राचा थर ०·०५ मिमी. असला, तर प्रमाणात तो सव्वा मिमी. होतो, म्हणजे हाताच्या कामाला जमणार नाही इतकी सूक्ष्मता त्यातून मिळते.

मूल्यमापन : या नव्या साधनांमुळे हस्तकौशल्याचे महत्त्व संपले, असे काही जाणकार मानतात. परंतु यंत्राला द्यावयाचे माप कोणीतरी शोधून काढावेच लागते आणि चुकीचे माप यंत्र तितक्याच निष्ठेने छापते. बारीक भाग घडविताना कारागिराला तो भाग कशासाठी होता, कोठून निघून कोठे जात होता, हे समजून घ्यावे लागते. नळी कोठे जाते हे ठाऊक नसताना ती जोडता येत नाही. मूलघडणीचे खरे फलित ही समज आहे. ज्या कार्यशाळांत या मोटारी जन्मल्या त्यांपैकी बहुतेक आज नाहीत, १९७२ अखेर लायन्स पट्टीही बंद झाली आणि त्या पिढीतील चालक व यंत्रज्ञ कमी होत चालले आहेत. अशा स्थितीत काळजीपूर्वक केलेली व नोंदींसह जपलेली तळहाताएवढी प्रतिकृती हीच काही मोटारींची उरलेली एकमेव त्रिमितीय खूण ठरू शकते.